कोच गेल्यावर विचारणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विभागाच्या प्रमुखांना कंपनीने सहा महिने लीडरशिप कोचिंग दिलं. दोन गोष्टींवर काम झालं: प्रत्येक काम स्वतःकडे ओढून न घेता टीमवर सोपवणं, आणि मीटिंगमध्ये इतरांना पूर्ण बोलू देणं. कोचिंग चालू होतं तोवर फरक पडला, टीमलाही तो जाणवला. शेवटचं सेशन होऊन चार महिने झाले आणि पहिले पाढे पंचावन्न. टीममधली एक जण तोंडावर म्हणाली, "सर, तुम्ही पुन्हा पूर्वीसारखे झालात." एचआर म्हणतंय, अजून सहा महिने कोचिंग घ्या. घ्यावं का? आणि शिकलेलं टिकवायचं कसं?

लगेच घेऊ नका. माझं पोट कोचिंगवरच चालतं, तरी हेच सांगतो. ज्या कारणाने पहिल्या सहा महिन्यांचा फायदा विरला ते कारण जागच्या जागी आहे. ते तसंच ठेवून पुन्हा सेशन सुरू केली, तर पुढच्या वर्षी तुम्ही हाच प्रश्न विचाराल. मधल्या काळात कंपनीचे पैसे जातील आणि 'आपला स्वभावच असा' हे तुमच्या मनात पक्कं बसेल. पैशांपेक्षा हे दुसरं नुकसान मोठं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. ट्रेनिंगवाल्यांच्या स्लाइडमध्ये हमखास एक घसरत जाणारा आलेख असतो, हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरचा. निरर्थक अक्षरांच्या याद्या त्याने स्वतः पाठ केल्या आणि किती काळाने त्यातलं किती उरतं ते मोजलं. अशा याद्या पाठ करणाऱ्याला तो आलेख लागू पडतो. तुम्हाला मात्र मी आत्ता विचारलं की काम सोपवायचं कसं, तर तुम्ही पायरी न पायरी सांगाल, वर उदाहरणंही द्याल. त्यामुळे 'रिफ्रेशर' नावाच्या अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमातून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. माहिती शाबूत आहे. अडतं ते बुधवारी दुपारी चार वाजता, ग्राहकाचा चिडलेला मेल येऊन पडलेला असताना आणि समोरचा ज्युनिअर अडखळत काहीतरी समजावत असताना. त्या घटकेला जुनी सवय आपोआप पुढे होते.

मग कोचिंग चालू असताना ती पुढे का येत नव्हती? कोच काही जादूगार नव्हता. पण तो तुमच्यासाठी तीन कामं करत होता आणि ती तुमच्या लक्षातही आली नसतील. दर पंधरा दिवसांनी तास-दीड तास केवळ विचार करण्यासाठी राखला जात होता. तेवढा वेळ फोन बंद, दार बंद. त्या वेळी कुणीतरी 'गेल्या वेळी ठरलं होतं त्याचं काय झालं?' असं विचारणारं होतं आणि ते विचारलं जाणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं. म्हणून सेशनच्या आदल्या दिवशी का होईना, तुम्ही ते करून पाहत होता. तिसरं, तुमच्याकडे बाहेरून पाहणारा आणि तुम्हाला न घाबरणारा एक डोळा होता. शेवटच्या सेशनच्या दिवशी ही तिन्ही कामं एका झटक्यात बंद पडली. कंपनीतला कारकूनसुद्धा नोकरी सोडताना आठवडाभर बसून चार्ज देऊन जातो. कोच मात्र समारोपाचं सेशन घेतो, अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतो आणि निघतो. त्याच्या कामाचा चार्ज कुणीच घेत नाही. फायदा विरण्याचं एवढं एकच कारण सांगायचं झालं तर मी हे सांगेन. टिकवण्याचा उपायही यातच आहे: ही तीन कामं ऑफिसमध्ये आधीपासून असलेल्या माणसांकडे आणि वेळापत्रकाकडे सोपवायची.

पण सोपवण्याआधी पाहावं लागतं ते तुमच्या वरच्या साहेबांकडे. या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास सत्तरएक वर्षांपूर्वीचा आहे. एडविन फ्लाइशमन यांनी अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रक आणि शेतीयंत्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या फोरमन लोकांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. कंपनी आपल्या फोरमनना माणसांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण देत असे. प्रशिक्षण संपताना त्यांची मतं खरोखर बदललेली दिसत. कारखान्यात परतल्यावर मात्र त्यांचं वागणं प्रशिक्षण न घेतलेल्या फोरमनपेक्षा फारसं वेगळं राहत नसे. कोण कसं वागेल हे ठरत होतं त्याचा वरिष्ठ कसा वागतो यावरून. वरचा माणूस समजून घेणारा असेल तर फोरमनही तसा वागे, वरचा दरडावणारा असेल तर फोरमनही दरडावू लागे. पुढे १९८८ साली बाल्डविन आणि फोर्ड यांनी प्रशिक्षण प्रत्यक्ष कामात कसं उतरतं यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात शिकणारा माणूस आणि शिकवण्याची पद्धत यांच्या जोडीने कामाची जागा हा तिसरा घटक त्यांनी धरला. आपल्याकडे सगळा खर्च पहिल्या दोघांवर होतो.

तुमच्याच बाबतीत पाहा. 'काम सोपवा' हे शिकून तुम्ही जागेवर आलात. वरचे साहेब मात्र आढावा बैठकीत अचानक एखादा बारीकसा आकडा विचारतात, आणि तो तोंडपाठ नसेल तर 'तुमचं लक्ष नाही वाटतं' असा टोला हाणतात. असं असेल तर तुम्ही काम सोपवणार कसं? दोनदा तोंडघशी पडलात की तिसऱ्या वेळी प्रत्येक फाइल तुमच्या टेबलावरूनच जाणार. हा तुमचा दोष म्हणता येत नाही. त्या परिस्थितीत कोणताही शहाणा माणूस हेच करेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे साहेबांशी पंधरा मिनिटं बोलणं. 'मला पाठिंबा द्या' असलं गुळगुळीत बोलू नका. त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि त्यातून काही निघतही नाही. नेमकं काय बदलणार आणि त्याची साहेबांना काय झळ लागणार, ते आधीच सांगा. उदाहरणार्थ: "साप्ताहिक अहवालाचं काम मी पूर्णपणे टीमकडे देतोय. पुढचे तीन महिने तुम्ही एखादा आकडा विचारलात तर कधी कधी मी 'विचारून दहा मिनिटांत सांगतो' असं म्हणेन. ते चालेल ना? नाहीतर तो अहवाल ज्याच्याकडे आहे त्याला बैठकीला घेऊन येतो, तुम्ही थेट त्यालाच विचारा." यावर साहेब 'हो' म्हणाले तर निम्मी लढाई जिंकलीच. कपाळाला आठ्या घालून 'बघू' म्हणाले तरी तुम्हाला खरी परिस्थिती कळली. मग बदलाची सुरुवात अशा जागी करा जिथे साहेबांचा संबंध येत नाही. मीटिंगमध्ये लोकांना बोलू देणं हे तुमच्या खोलीतलं काम आहे, त्याला वरून परवानगी लागत नाही. काम सोपवण्याचं नंतर पाहू. दोन्ही आघाड्यांवर एकदम लढायचा हट्ट धरू नका.

आता चार्ज देण्याकडे येऊ. पहिलं काम, विचार करायचा वेळ, सोपवायला सर्वांत सोपं, म्हणून थोडक्यात सांगतो. आठवड्यात अर्धा तास कॅलेंडरवर टाका आणि त्या वेळी खोलीबाहेर जा. जागेवर बसलात तर कुणीतरी येणारच. कागदावर तीनच गोष्टी लिहा: या आठवड्यात ठरवलेलं वागणं कुठे जमलं, कुठे हुकलं, पुढच्या आठवड्यात ते कुठे लागणार आहे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक गाळतात. सहायकाला सांगून ठेवा की ही वेळ रद्द करायची नाही, फार तर त्याच दिवशी पुढे-मागे सरकवायची. बाकी वह्या, ॲप, रंगीत तक्ते यांत मला फारसा अर्थ दिसत नाही. नव्याचे नऊ दिवस संपले की ते सगळं खणात जातं.

विचारण्याचं दुसरं काम द्यायचं कुणाला? इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळही इथेच होते. ते काम द्यायचं तुमच्याच टीमला.

मार्शल गोल्डस्मिथ आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी २००४ साली आठ कंपन्यांमधली माहिती एकत्र करून मांडली. त्यात ११,००० हून अधिक व्यवस्थापक होते आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सुमारे ८६,००० उत्तरं होती. कुठे बाहेरचा कोच होता, कुठे कंपनीतलाच, कुठे नुसता वर्ग. पद्धती निरनिराळ्या होत्या, पण एक धागा सगळीकडे सारखा निघाला. 'मी अमुक सुधारतोय' हे सहकाऱ्यांना सांगून पुढे अधूनमधून 'कसं चाललंय?' असं विचारत राहणाऱ्यांत सहकाऱ्यांना सुधारणा दिसली. न विचारणाऱ्यांत जवळजवळ दिसली नाही. हे दोघे स्वतः याच व्यवसायातले होते, आणि जो विचारत राहतो तो मुळातच जास्त कळकळीचा असणार, हेही खरं. तरी माझ्या कामात मला जे दिसत आलंय त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

यामागचं कारण साधं आहे. टीमच्या डोक्यात तुमचं जुनं चित्र पक्कं बसलेलं असतं. तुम्ही दहापैकी सहा वेळा गप्प राहून ऐकलंत, तरी लोकांच्या लक्षात राहतात त्या उरलेल्या चार वेळा. आधी सांगून ठेवलं तर लोक नव्या वागण्यावर नजर ठेवतात आणि ते त्यांना दिसतं. शिवाय एकदा चारचौघांत बोलून गेलं की मागे फिरणं अवघड जातं.

टीमला विचारायचं कसं? 'माझ्याबद्दल काही फीडबॅक?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "नाही सर, मस्त चाललंय." ते खोटं बोलत नाहीत, स्वतःला जपतात. अप्रेजलवर सही तुमची असते. म्हणून उत्तर देणं सोपं आणि बिनधोक होईल असा प्रश्न विचारा. "गेल्या तीन मीटिंगांत मी तुला मध्येच तोडलं असं किती वेळा झालं?" याचं उत्तर एक आकडा आहे. त्यात तुमच्याबद्दल मत द्यावं लागत नाही. किंवा पुढचं विचारा: "सोमवारच्या मीटिंगमध्ये मी एकच गोष्ट वेगळी करायची असेल, तर कोणती करू?" मागच्या चुका काढण्यापेक्षा पुढची सूचना देणं कनिष्ठाला कितीतरी सोपं जातं.

उत्तर आल्यावर फक्त 'बरं, धन्यवाद' म्हणायचं आणि लिहून घ्यायचं. 'अगं, त्या दिवशी वेळच नव्हता' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. एकदा जरी स्पष्टीकरण दिलंत तर पुढच्या वेळी पुन्हा 'मस्त चाललंय'. आणि ऐकलेल्यातली निदान एक गोष्ट आठवड्याच्या आत सगळ्यांना दिसेल अशी करून दाखवा.

प्रश्न वागण्यापुरता ठेवायचा यालाही आधार आहे. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली. माणसाचं लक्ष हातातल्या कामावरून 'मी कसा आहे' याकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो, असा त्यांचा अर्थ होता. म्हणून 'मी चांगला लीडर आहे का?' असं कधीही विचारू नका. उत्तर काहीही आलं तरी तुम्ही रात्रभर त्यावर विचार करत बसाल आणि सोमवारच्या मीटिंगची तयारी राहून जाईल.

आणि तुम्ही पूर्वीसारखे झालात असं जी तोंडावर बोलली तिला सोडू नका. चार महिन्यांत जे कुणी बोललं नाही ते ती बोलली. तिच्याकडे जा आणि म्हणा, "तू म्हणालीस ते खरं आहे. महिन्यातून एकदा मी तुला दहा मिनिटं हेच विचारणार आहे, चालेल का?" ती संकोचली तर आग्रह धरू नका. हो म्हणाली तर मात्र तिचं बोलणं तिच्या अप्रेजलमध्ये चुकूनही डोकावणार नाही, याची काळजी घेणं ही तुमची जबाबदारी.

टीमबद्दल आणखी एक गोष्ट, जी कोचिंगच्या खोलीत क्वचित बोलली जाते. तुमच्या जुन्या वागण्याची टीमलाही सवय असते आणि सोयही. प्रत्येक अडचण तुमच्याकडे आणून टाकली की उत्तर मिळतं, आणि निर्णय चुकला तर तो सरांचा. तुम्ही उत्तरं देणं थांबवलंत की पहिल्या महिन्यात लोक अस्वस्थ होतात. 'सर हल्ली लक्ष घालत नाहीत' अशी कुजबुजही ऐकू येईल. पुष्कळ जण याच टप्प्यावर मागे फिरतात आणि त्यांना वाटतं आपला निर्धार कमी पडला. खरं तर टीमने त्यांना ओढून जुन्या जागी आणून बसवलेलं असतं. म्हणून काम सोपवताना निर्णयाची हद्दही सोपवा. इतक्या रकमेपर्यंत तू ठरव, याच्या पुढे मला विचार, आणि हद्दीतला निर्णय चुकला तर वर उत्तर मी देईन. हे शेवटचं वाक्य बोलला नाहीत तर सोपवलेलं काम दोन आठवड्यांत परत तुमच्या टेबलावर येईल.

तिसरं काम, बाहेरच्या डोळ्याचं, तुमच्या बरोबरीच्या कुणाला तरी द्या. दुसऱ्या विभागाचा प्रमुख उत्तम. त्याला तुमची भीती नाही आणि तुमच्या बढतीत त्याला रसही नाही. (रस असेल तर दुसरा माणूस शोधा.) महिन्यातून एकदा त्याला तुमच्या मीटिंगमध्ये मागे बसवा. त्याने एवढंच टिपायचं: कोण किती वेळ बोललं आणि तुम्ही कुणाला कुठे तोडलंत. सल्ला नको, नोंद हवी. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या मीटिंगमध्ये बसा. फेड दोन्हीकडून असली की ही व्यवस्था टिकते.

आता हे सगळं ज्याच्यासाठी करायचं त्या बदलाविषयी. कोचिंगच्या शेवटी जो 'ॲक्शन प्लॅन' लिहिला जातो त्यात साधारण आठ-दहा कलमं असतात आणि बहुतेक कलमं 'अधिक ऐकून घेईन', 'टीमला सक्षम करेन' अशी. ती फाडून टाकली तरी चालतील. एकच वागणं निवडा आणि ते कोणत्या घटकेला करायचं ते ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे. नुसतं 'मी हे करेन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं ठरवणारे ते जास्त वेळा पार पाडतात. त्यांनी आणि शीरन यांनी २००६ साली ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हाही फरक चांगला ठळक निघाला. तुमच्यासाठी ते असं होईल: 'कुणी अडचण घेऊन आलं की माझं पहिलं वाक्य असेल, तू काय करावं म्हणतोस?' किंवा 'मीटिंगमध्ये नवा मुद्दा निघाला की माझ्याआधी निदान दोघं बोलतील.' हे इतकं क्षुल्लक वाटतं की मोठ्या पदावरच्या लोकांना लिहायला लाज वाटते. पण बुधवारी दुपारी चार वाजता 'टीमला सक्षम करेन' आठवत नाही, हे आठवतं.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं तुम्ही ऐकलं असेल. ते विसरा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. त्या नोंदींवरून सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेला अंदाज) आणि मधला आकडा ६६ होता. त्याही साध्या सवयी, जेवणासोबत फळ खाणं किंवा पाणी पिणं अशा, रोज एकदा करण्याच्या. तुमचं ठरवलेलं वागणं जर महिन्याच्या आढावा बैठकीपुरतं असेल तर वर्षात संधीच बारा मिळतात. तेवढ्यात सवय कशी लागणार? माझा अंदाज असा की इथे दिवस मोजण्यापेक्षा संधी मोजाव्यात. रोज तीन-चार वेळा प्रसंग येतो असं वागणं आधी निवडा, त्याची सवय होऊ शकते. अप्रेजलच्या गप्पा किंवा वर्षातून एकदा येणारं बजेट यांच्या बाबतीत सवयीच्या भरवशावर राहू नका. तिथे एक छापील कागद समोर ठेवा आणि त्यातले प्रश्न वाचून विचारा. कागद वापरल्याने कुणाचं नेतृत्व कमी होत नाही.

त्याच अभ्यासात दिलासा देणारी गोष्टही आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. घसरणं होणारच आहे, त्याची तयारी आधी करायची. दारू सुटलेला माणूस पुन्हा तिकडे का वळतो यावर ॲलन मार्लॅट यांचं काम प्रसिद्ध आहे. एक पेला घेतला की 'आता सगळं संपलंच' असं मनाशी म्हणून माणूस बाटली रिकामी करतो. म्हणजे घात त्या पहिल्या पेल्यापेक्षा त्यावरच्या या विचाराने होतो. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८२ साली हीच कल्पना व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाला लावली: आपण कुठे घसरू हे आधीच ओळखून ठेवा आणि घसरल्यावर काय करायचं हेही ठरवून ठेवा.

तुमच्यासाठी या जागा ओळखणं कठीण नाही. तिमाहीचा शेवट, हाताखालचा अनुभवी माणूस अचानक सोडून जाणं, ग्राहकाची मोठी तक्रार, साहेबांची बदली. माझ्या पाहण्यात बहुतेक घसरणी यांपैकी कशात तरी सुरू होतात. गेल्या चार महिन्यांचं कॅलेंडर उघडून पाहा, तुमची घसरण नेमकी कोणत्या आठवड्यात सुरू झाली ते बहुधा सापडेल. घसरलात की दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन एवढंच बोलायचं: "काल मी तुला मध्येच थांबवलं. तुझं बोलणं अर्धं राहिलं, आता सांग." लांबलचक माफी नको, स्वतःला बोल लावणंही नको. अशा दोन-तीन वेळा झाल्या की टीमचा विश्वास, कधीच न घसरणाऱ्या माणसावर बसेल त्यापेक्षाही जास्त बसतो.

हे सगळं मनापासून करूनही पुन्हा पुन्हा तिथेच आलात, तर समजायचं की जुन्या वागण्यातून तुम्हाला काहीतरी मिळतंय आणि ते सोडवत नाहीये. रॉबर्ट कीगन आणि लिसा लेही यांनी याच विषयावर पुष्कळ काम केलं आहे. माणूस बदलायचं मनापासून म्हणतो आणि त्याच वेळी आतून दुसरी एखादी गोष्ट तितक्याच मनापासून जपत असतो. 'हा असला की काम होणारच' ही तुमची ख्याती असेल, तर काम सोपवणं म्हणजे ती ख्याती वाटून टाकणं. पदोन्नती तिच्यावरच मिळालेली असते, मग हात आखडणारच. हे एकट्याने सोडवणं कठीण. इथे मात्र कोचिंग पुन्हा घ्यावं, आणि कोचला पहिल्याच दिवशी सांगावं की मला नवीन काही शिकवू नका, मी हे का सोडत नाही एवढं शोधायला मदत करा.

एचआरबद्दल दोन शब्द, कारण पुढचा करार ते करणार आहेत. त्यांच्यासमोर कुणीतरी हमखास आकडा टाकेल की नुसत्या प्रशिक्षणाने उत्पादकता २२.४ टक्के वाढते आणि सोबत कोचिंग असेल तर ८८ टक्के. हा आकडा १९९७ सालच्या एका अभ्यासातला आहे. एका सरकारी संस्थेतले ३१ व्यवस्थापक, तुलनेसाठी वेगळा गट नाही. एवढ्यावर कुणी खरेदी करू नये. त्यापेक्षा स्मिदर आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा अभ्यास जमिनीवरचा आहे. १,३६१ वरिष्ठ व्यवस्थापकांपैकी ज्यांना कोच होता त्यांनी नेमकी उद्दिष्टं ठरवली, वरिष्ठांना सुधारणेच्या सूचना जास्त विचारल्या आणि त्यांचं मूल्यांकन इतरांपेक्षा सुधारलं, पण थोडंसंच. थोडंसंच, यात नाराज होण्यासारखं मला काही वाटत नाही. दोन वर्षं टिकलेला थोडा बदल टीमच्या खूप उपयोगी पडतो.

म्हणून एचआरकडे करारात दोन बदल मागा. पहिला, तेवढीच सेशन लांबवर पसरा. सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, आणि शेवटची दोन तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. या शेवटच्या भेटींत नवीन विषय काढायचा नाही, टीम, साहेब आणि बरोबरीचा सहकारी आपापलं काम करतायत का एवढंच पाहायचं. दुसरा बदल मोजण्याचा. शेवटच्या दिवशी तुमच्याकडून भरून घेतलेला समाधानाचा फॉर्म काहीच सांगत नाही, त्या दिवशी सगळेच खूश असतात. सहा महिन्यांनी तुमच्या टीमला दोन प्रश्न विचारावेत: अमुक वागण्यात फरक दिसतो का, आणि गेल्या महिन्यातलं एखादं उदाहरण सांगता येईल का. उदाहरण सांगता आलं नाही तर पहिल्या 'हो'ला किंमत नाही. आणि ही उत्तरं बढती-पगारवाढीच्या फाइलमध्ये जाणार नाहीत असं लेखी ठरवून घ्या. नाहीतर टीम तुम्हाला सांभाळून घेईल आणि तुम्हीही टीमला फार विचारणार नाही.

मधल्या काळात तुमची बदली झाली, साहेब बदलले किंवा निम्मी टीम नवी आली, तर यातलं बरंचसं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. सवय जागेला आणि माणसांना चिकटलेली असते, नव्या खोलीत ती आपोआप सोबत येत नाही. नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यातच साहेबांशी ती पंधरा मिनिटं बोला, टीमला तुमचं एक वागणं सांगून ठेवा आणि बरोबरीचा एक जण शोधा. नवे लोक तुम्हाला जुन्या चित्रातून ओळखत नाहीत, त्यामुळे तिथे हे थोडं सोपंही जाईल.